पौषातली तिसरी घंटा

पौष लागला की रायपूरचे बँडवाले दुकानापुढे ऊन खात बसतात. लाल कोट खुंटीला टांगलेले, ढोल आडवा ठेवलेला आणि त्यावर चहाचे ग्लास. इथली हिंदी माणसं याला खरमास म्हणतात, आपण पौष म्हणतो. नाव काही घ्या, लग्न नाही, मुंज नाही, गृहप्रवेश नाही. पंडरीच्या कापडबाजारात शेठ लोक गादीवर पाय पसरून बसतात आणि गिऱ्हाईक आलं तरी लवकर उठत नाहीत. सकाळी धुकं असतं, त्यात शहराबाहेरच्या उरला भागातल्या कारखान्यांची बारीक धूळ मिसळते, आणि गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळपर्यंत राखाडी होते. बाजारात नवा तांदूळ येतो. शिजताना त्याचा वास घरभर सुटतो आणि भात मात्र गिच्च होतो. आई दरवर्षी कुरकुर करायची आणि दरवर्षी नवाच तांदूळ आणायची.

सगळं गाव ज्या महिन्याला रिकामा म्हणतं तो माझा आवडता महिना आहे. तो आला की मी जरा ताठ चालते. आमचे खेळ याच महिन्यात असतात, त्यामुळे शंकर नगरच्या माझ्या छोट्याशा ऑफिसात फोन वाजत असतो. परवाच एका गृहस्थांचा आला. "मॅडम, दो पास मिल जाते तो..." मी म्हटलं, "पास नहीं होता भैया, टिकट होता है. और छह बजे मतलब छह बजे." ते हसून म्हणाले, "हाँ हाँ, वो तो सुना है." हे 'वो तो सुना है' कानावर पडलं की मला अजून गुदगुल्या होतात. एवढंसं वाक्य या शहराच्या तोंडी बसवायला मला एक अख्खा पौष लागला होता.

रायपूर राजधानी झालं तेव्हा मी कॉलेजात होते. राजधानी झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे आम्हाला कळलं ते गाड्यांवरून. कालपर्यंत ज्या रस्त्यावर म्हशी बसायच्या तिथून लाल दिव्याच्या गाड्या जाऊ लागल्या. ज्याच्या त्याच्या साडूचा भाऊ कोणाचा तरी पीए झाला. बंगल्यांना पाट्या लागल्या, पाट्यांपुढे पहारे लागले. आणि कार्यक्रम सुरू झाले. रोज कसला ना कसला कार्यक्रम. पुढे सोफे, सोफ्यांच्या पाठीवर पांढरे टॉवेल, टॉवेलांपुढे पाण्याच्या बाटल्या. मग वाट पाहायची. मुख्य अतिथी आले की दीप, मग हार, मग हार घालणाऱ्यांना हार, मग भाषणं. कलाकार बिचारा मेकअप करून विंगेत उभा. त्याच्या वाट्याला काय येणार, तर अतिथींना जेवायला जायची घाई होईपर्यंतचा वेळ.

अशाच एका कार्यक्रमात मी बाबांबरोबर मागे बसले होते. एक म्हातारे राऊत, इथल्या गुराखी जातीचे, बांस वाजवायला आले. बांस म्हणजे इथल्या गुराख्यांची लांबलचक बांबूची बासरी, अगदी पोटातून वाजते. त्यांनी डोळे मिटले, पहिला सूर लावला, तो कुठे जमिनीवरून उठून वर येत होता, तोच पुढचा सोफा उठला. एक सोफा उठला की सगळे उठतात. निवेदकाने "धन्यवाद, धन्यवाद" म्हणत माइक काढून घेतला. म्हाताऱ्याने डोळे उघडले तर समोर पाठी. त्यांनी बांस पुसला, फडक्यात गुंडाळला आणि निघाले. मला इतका राग आला की घरी येईपर्यंत मी बाबांशी बोलले नाही, जणू सोफ्यावर तेच बसले होते. त्या रागाचं काय करायचं ते मला बरेच दिवस कळत नव्हतं.

मग पुण्याच्या एका संस्थेत असा अभ्यासक्रम आहे असं कळलं. पदव्युत्तर, दोन वर्षांचा, कला व्यवस्थापन. घरात सांगितलं तेव्हा नागपूरचे मामा आलेले होते. ते म्हणाले, "म्हणजे मंडप-डेकोरेशन का?" आई म्हणाली, "त्याच्यासाठी पुण्याले काहून जा लागते?" बाबा रेल्वेत, मालगाड्यांच्या ऑफिसात. त्यांनी ऑफिसात सांगून टाकलं की पोरगी एमबीएसारखं काहीतरी करून राहिली आहे. 'सारखं' या शब्दावर त्यांनी दोन वर्षं काढली.

पुण्यात पहिले काही महिने माझी भाषाच करमणुकीचा विषय होती. मी "काय करून राहिली?" म्हटलं की खोलीतल्या मुली उशीत तोंड खुपसून हसायच्या. हसा म्हटलं. शिकायला आले होते, शिकत होते. हॉल कसा पाहायचा, कलाकाराशी करार कसा करायचा, जाहिरात कुठे आणि कधी. आमच्या मॅडम बारीक अंगाच्या, खणखणीत आवाजाच्या. त्या म्हणायच्या, प्रेक्षक तुमच्या हॉलच्या दारात सुरू होत नाही, तो त्याच्या घराच्या दारात सुरू होतो. स्वयंपाक कधी होतो, रिक्षा मिळते का, म्हाताऱ्यांना घरी कोण बघतं, तिथून विचार करा. मला हे ऐकून हायसं वाटलं. रायपुरात मागच्या खुर्चीवर बसून मी तोच विचार करत आले होते, फक्त त्याला गुण मिळतात हे माहीत नव्हतं.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाने आपापल्या गावी जाऊन एक कार्यक्रम शून्यातून उभा करायचा होता. अटी दोन. लोक तिकीट काढून आले पाहिजेत, आणि छापलेल्या वेळेला पडदा वर गेला पाहिजे. मॅडम स्वतः पाहायला येणार. वर्गातल्या बाकीच्यांनी सुगम संगीत निवडलं, भावगीतं निवडली, एकाने तर आपल्या मावशीचंच कथक ठरवलं. मी रायपूर आणि नाचा असं लिहून दिलं. नाचा म्हणजे छत्तीसगडच्या खेड्यांतला खेळ. गाणी, नाच, बायकांची कामं करणारे पुरुष, जोक्कड़ नावाचा विदूषक, आणि मधे मधे गम्मत, म्हणजे जागच्या जागी रचलेली विनोदी नाटुकली. खेड्यात तो फुकट असतो आणि लोक जमले की सुरू होतो. मॅडमनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाल्या.

घरी आल्यावर बाबांनी जेवताना विषय काढला. ते वाईट माणूस नव्हते, मी सांगून ठेवते. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. "नवं राज्य आहे मंजू. नव्या जागा निघून राहिल्या. अशी वेळ पुन्हा येत नाही. कॉलनीतले सगळे पोट्टे-पोट्टी राज्यसेवेची तयारी करून राहिले, अन् तू नाचा करते म्हणते."

"मी करत नाही बाबा, मी करवते."

"तेच तं मले समजून नाही राहिलं," बाबा म्हणाले. मग भात कालवू लागले. "असं कर. तुझ्या खेळाले लोकं तिकीट काढून आले, तं मी पुन्हा कधी म्हणणार नाही. नाही आले, तं तू राज्यसेवेले बसशील. कबूल?"

कबूल म्हटलं. बोलायला काय जातं. पण हात धुताना मनात हिशेब सुरू झाला. बाबा शब्दाचे पक्के होते आणि मीही त्यांचीच मुलगी होते. तीन दिवसांचे खेळ, आणि त्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य.

आईची हरकत वेगळीच होती. "पौषात कोणी नवं काम सुरू करते का वं?" मी तिला समजावलं की पौषातच करायचं. लग्नं नाहीत म्हणून हॉल रिकामे असतात. धान कापून, मळून घरात आलेलं असतं, म्हणून नाचावाले मोकळे असतात. कापणीच्या दिवसांत त्यांना बोलावलं असतं तर जोक्कड़ हातात विळा घेऊनच आला असता. आई ऐकून घेऊन म्हणाली, "शिकलेली आहेस, तुले कोण बोलेल," आणि देवापुढे गुळाचा खडा ठेवून आली.

मग मी बिसाहूदादांच्या गावी गेले. हे नाचा पार्टीचे म्होरके, उंचपुरे, पन्नाशीचे, आणि स्टेजवर अशी काही सासू करायचे की गावातल्या खऱ्या सासवा खजील व्हायच्या. खळ्यात पेंढ्यांचे ढीग होते, कोंबड्या दाणे वेचत होत्या. मी करार समजावला, वेळ समजावली. ते विचारात पडले. "टिकट कटा के कोन देखही नोनी?" नोनी म्हणजे पोरी. तिकीट काढून कोण पाहणार, हा त्यांचाही प्रश्न होता. मी म्हटलं, येतील. "अउ कोनो नइ आही त?" मी म्हटलं, कोणी नाही आलं तरी सहाला सुरू. त्यांनी बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हव." छत्तीसगडी माणसाचा हव म्हणजे हो, आणि तो फिरत नाही.

खरं घोडं अडलं ते आमच्या मराठी मंडळात. हॉल मंडळाचा, आणि मंडळाचे सचिव देशकर काका. निवृत्त माणूस, धोतरासारखा स्वच्छ, पण कार्यक्रमाचं म्हटलं की अंगात यायचं. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला जो सगळं रायपूर विचारायचं.

"मुख्य अतिथी कोण आहे?"

"कोणीच नाही काका."

"म्हणजे ठरायचे आहेत."

"नाही. नसणारच."

काका खुर्चीत मागे टेकले. "अगं, मग सुरू कसं करशील?"

"घंटा वाजवून," मी म्हटलं. "आपल्या नाटकाला वाजते तशी. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरीला सुरू."

नागपूरहून नाटक आलं की या हॉलमध्ये तिसरी घंटा काकाच वाजवायचे. अर्थात ती वाजायची अतिथी आल्यावर. ते बोटं मोजू लागले. मग म्हणाले, "नाचा आहे, तिकीट आहे, अतिथी नाही, अन् पौष आहे. आता फक्त अमावस्या राहिली." पण हॉल दिला. रिकामाच पडला होता. सोफे मात्र पुढून हलवू दिले नाहीत. टॉवेलांसकट ठेवले. म्हणाले, "असू दे. कोणी आलं तर?"

तिकीट विकणं म्हणजे काय असतं हे मला पुण्याने शिकवलं नव्हतं. जो भेटे तो पास मागे. डॉक्टर पास मागत, दुकानदार पास मागत, शेजारच्या काकू म्हणाल्या, "आपल्याच पोट्टीचा कार्यक्रम आहे, आपल्याले कसलं तिकीट?" राजधानीत पास न मिळणं म्हणजे आपली ओळख कमी पडली, अशी लोकांची समजूत. तिकीट काढणारा माणूस अगदीच कोणी नसलेला. खुद्द आमच्या बाबांनी आयुष्यात कधी कशाला तिकीट काढलं नव्हतं. रेल्वेवाल्याला तिकीट म्हणजे जातीला कलंक. मी त्यांनाही पास दिला नाही. एका मोठ्या ऑफिसातून फोन आला, "साहब की फैमिली आएगी, पास भिजवा दीजिए." मी सांगितलं, खिडकीवर मिळतील, वेळ सहाची. पलीकडच्या माणसाला वाटलं मी नवीन आहे. तो सावकाश, समजावणीच्या सुरात म्हणाला, "दीदी, आप समझी नहीं." मी म्हटलं, "समझ गई भैया." फोन ठेवला तेव्हा देशकर काकांनी कपाळाला हात लावलेला होता.

पहिला दिवस आला. आई साडी बदलून तासभर आधीच येऊन बसली. मॅडम पुण्याहून आल्या, खिडकीवर तिकीट काढलं आणि मधल्या ओळीत एकट्या बसल्या. पाच वाजून गेले, साडेपाच वाजले. हॉलमध्ये खुर्च्याच खुर्च्या. मंडळाची एक-दोन माणसं होती. आणि उरल्याच्या रोलिंग मिलमधले काही कामगार आले होते, मफलर गुंडाळलेले, पहिली पाळी संपवून आंघोळ करून आलेले. ही खेड्यातली माणसं, बिसाहूदादांना नावाने ओळखणारी. त्यांना भोंग्याची सवय, सहा म्हटलं की सहा. कुठे बसायचं विचारू लागले. मी सोफ्यांकडे बोट दाखवलं. ते टॉवेलांकडे बघून चुळबुळले. मी म्हटलं, "बैठिए ना, सबसे पहले आप आए हैं." ते बसले, आधी अगदी कडेवर, मग हळूहळू पाठ टेकून.

सहाला काही मिनिटं असताना देशकर काका धापा टाकत विंगेत आले. "थांब मंजू. फोन आला होता. साहेबांच्या घरचे निघाले आहेत. अर्धा तास थांब."

बाबाही आले. ते काकांसारखे घाबरलेले नव्हते, पण त्यांचा चेहरा उतरला होता. पैज जिंकत असलेल्या माणसाचा चेहरा इतका उतरलेला मी पाहिला नव्हता. हळूच म्हणाले, "थांब ना थोडी. रायपूरची लोकं आहेत, उशिराच येतात. भरू दे थोडं. मी काही म्हणणार नाही."

थांबले तर हॉल भरेल, कदाचित. माणसं दिसतील, बाबांचा शब्द राहील, माझाही राहील. पण मग जे वेळेवर आले होते त्यांना मी काय दिलं? मागच्या खुर्चीवर वाट पाहायचं दुखणं तेवढं सोफ्यावर आणून बसवलं. आणि मला त्या वेळी तो बांस आठवला, फडक्यात गुंडाळला जाणारा. काका म्हणतात अर्धा तास, पण थांबण्याला सीमा नसते. एकदा थांबलं की मग ज्याच्यासाठी थांबलो तोच वेळ ठरवतो. बिसाहूदादा सासूच्या लुगड्यात तयार उभे होते, नथ सावरत. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पदर खोचला.

मंडळाच्या गणपतीची पितळी घंटा मी हातात घेतली. पहिली. दुसरी. मग तिसरी. त्या रिकाम्या हॉलमध्ये ती इतकी मोठी वाजली की मीच दचकले.

आणि नाचा सुरू झाला. अहाहा, काय सुरू झाला. छोट्या सारंगीसारखा चिकारा वाजला, तबल्याने साद दिली, आणि जोक्कड़ने असा धावत प्रवेश घेतला की जणू समोर हजार माणसं बसली आहेत. गम्मत होती ती एका खेडुताची. तो आपल्या म्हशीला शोधत राजधानीत येतो, तर तिच्या डबक्याच्या जागी बंगला. म्हैस बंगल्याच्या फाटकातून हलायला तयार नाही, आणि पहारेकरी तिला सलाम करून राहिला, कारण इथे जो आत बसलेला असतो तो साहेबच असतो. सोफ्यावरचे कामगार मांड्यांवर थापा मारून हसत होते. त्यांचं हसणं ऐकून आई हसायला लागली, आईचं ऐकून मॅडम. एवढ्याशा माणसांनी तो हॉल भरून टाकला होता.

सात वाजता लोक यायला लागले. साडेसातला ते साहेबांच्या घरचे आले, शाली पांघरून, मागे एक माणूस पाण्याच्या बाटल्या घेऊन. काका त्यांना वाट दाखवत पुढे आणत होते आणि पुढे तर सोफे भरलेले. जोक्कड़ने स्टेजवरून हे पाहिलं. नाचाच्या जोक्कड़ला काही चुकत नाही. तो हात जोडून म्हणाला, "आवव, आवव, बइठव. हमर भंइस घलो अब्बड़ देरी म आथे." आमची म्हैसही फार उशिराच येते. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्याही. मग त्या साहेबांच्या बाई, त्या स्वतःच, खो खो हसत सुटल्या. मिळाली त्या खुर्चीवर, आठव्या का नवव्या ओळीत, बसल्या आणि संपेपर्यंत हसत होत्या.

संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या. "शुरू का छूट गया. एक बार शुरू से करवाइए ना." त्यांच्यामागे उशिरा आलेले बाकीचे सगळे, तेच म्हणत. "हाँ हाँ, फिर से." मी हात जोडले. म्हटलं, "कल छह बजे, दीदी. शुरू से." बाटल्या धरलेला माणूस माझ्याकडे असा बघत होता की उद्या माझं काय होणार ते त्याला ठाऊक आहे.

मॅडम जाताना एवढंच म्हणाल्या, "उद्या परत तिकीट काढावं लागेल ना मला?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहा पिताना हिशेबाचं काहीच बोलले नाहीत. मीच म्हटलं, "बाबा, पहिला दिवस गेला." ते म्हणाले, "अजून दोन आहेत," आणि पेपर पुढे धरला. हरायची वेळ आली की ते असेच पेपरामागे जायचे. स्वतःच्या हरण्याने की माझ्या, कशाने ते लपले होते ते तेव्हा मला कळलं नाही.

पण शहर बोलायला लागलं होतं. मी पंडरीला पडद्याचं कापड बदलून घ्यायला गेले तर गादीवरचे शेठ शेजाऱ्याला सांगत होते, "वहाँ साहब के घरवालों को भी बोल दिया, कल आना." पानठेल्यावर तीच गोष्ट वाढून झालेली होती. तिथे मी म्हणे साहेबांना दारातूनच परत पाठवलं होतं. मी कोणाचंही म्हणणं दुरुस्त केलं नाही. व्यवस्थापन शिकले होते, फुकटची जाहिरात खोडून काढायला नव्हते शिकले. दुपारपासून खिडकीवर माणसं. "दीदी, छह बजे पक्का शुरू हो जाता है?" असं विचारून तिकीट नेत होती. राजधानीत अशी एक जागा आहे जिथे कोणासाठी थांबत नाहीत, हेच लोकांना बघायचं होतं. मग बघता बघता त्यांना नाचाही दिसला. पहिल्या घंटेला हॉल अर्धा होता, तिसरीला पाऊण.

तिसऱ्या दिवशी पावणेसहाला हॉल भरला. त्या साहेबांच्या बाई आपल्या सासूबाईंना घेऊन आल्या होत्या, खिडकीवर रांगेत उभ्या राहून, आणि सासूबाईंना मुद्दाम पुढे बसवलं, बिसाहूदादांची सासू नीट दिसावी म्हणून. टॉवेल काकांनीच काढून टाकले होते. एवढंच नव्हे, तिसरी घंटा मी वाजवीन म्हणाले, वाजवली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. उशिरा आलेल्याला एक गम्मत संपून दुसरी लागेपर्यंत आत सोडायचं नाही, हा नियम माझा, पहिल्या दिवसाचा गोंधळ पाहून केलेला. पण काकांनी तो असा काही अंगावर घेतला की मंडळाच्या अध्यक्षांनाही बाहेर थांबवलं. नवा मुसलमान सतरांदा बांग देतो, तसं त्यांचं झालं होतं.

त्या वर्षी प्रात्यक्षिकाला आमच्या वर्गात सर्वांत जास्त गुण मला मिळाले. सांगूनच टाकते, लपवायचं कशाला? त्यानंतर मी या शहरात किती खेळ केले, त्यातले किती पडले, किती चढले, तो सगळा वेगळा विषय. बिसाहूदादांची मुलं आता पार्टी चालवतात. शंकर नगरच्या माझ्या ऑफिसात नव्या मुली शिकायला येतात, मराठी समजतात, उत्तर हिंदीत देतात. त्यांना मी हॉल कसा पाहायचा ते शिकवते, करार शिकवते. गर्दी कशी जमवायची हेही थोडंफार शिकवता येतं. रिकाम्या हॉलपुढे घंटेचा हात वर कसा उचलायचा, ते मात्र ज्याचं त्याला शिकावं लागतं, आणि ते शिकायला पौषासारखा महिना नाही.

तर तो तिसरा दिवस. मी मागच्या दाराला लागून उभी होते. हॉल खचाखच, हसण्याच्या लाटा. माझे डोळे सारखे माणसांवरून फिरत होते, कारण बाबा दिसत नव्हते. आईशेजारची खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, मुद्दाम नाही आले. हरले म्हणून नाही आले. मला फार वाईट वाटलं, एवढा भरलेला हॉल त्यांनीच पाहू नये याचं.

दार थोडं किलकिलं होतं आणि बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. कोणीतरी उशिरा आलेला माणूस देशकर काकांशी हुज्जत घालत होता, मी अमक्याचा माणूस आहे, तमक्याचा आहे. काका ऐकत नव्हते. मग तो शेजारी उभ्या असलेल्या कोणाला तरी म्हणाला, "आप भी तो कब से खड़े हैं भाई साहब, आप कुछ बोलिए ना." त्यावर बाबांचा आवाज आला. त्यांना सोडवणारा माणूस उशिरा आला होता म्हणून ड्यूटीवरून निघायला वेळ झाला होता, आणि ते तसेच रेल्वेच्या कोटात बाहेर थंडीत उभे होते.

"क्या बोलूँ? अंदर मेरी बेटी का प्रोग्राम है."

"अरे, तो फिर आपको कौन रोकेगा? अंदर बोल दीजिए, बेटी है आपकी."

"बेटी है," बाबा म्हणाले, "इसीलिए तो बाहर खड़ा हूँ."